इंगोले मॅडमचं इरजन

इंगोले मॅडम गेल्याचं मला कळलं तेव्हा मी पुण्यात, मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, काळा चष्मा लावून सोफ्यावर बसलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. फोन आमच्या शाळेतल्या जुन्या शिपायाचा, गजाननचा. आधी तो माझ्या डोळ्याबद्दलच विचारत राहिला, थेंब टाकता का, दिसतं का... मग जरा थांबला आणि म्हणाला, "सर, आपल्या इंगोले मॅडम गेल्या. झोपीतच गेल्या मनतात. काल मातीबी झाली." मी म्हणालो, "बरं." सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली आणि वेळेला तोंडातून निघालं ते "बरं". सूनबाईने विचारलं, कोण गेलं? शाळेतल्या एक मॅडम, मी सांगितलं. ती हळहळली आणि कुकर लावायला आत गेली. तिचं काही चुकलं नाही, मी सांगितलंच तेवढं. मी गावी निघतो म्हणालो तर मुलगा म्हणाला, "बाबा, प्रवासात डोळ्यात धूळ गेली तर सगळं केलेलं वाया जाईल. आणि आता जाऊन काय करणार?" त्याचंही खरं होतं. आता जाऊन मी काय करणार, आणि तिथे कोण म्हणून उभा राहणार? काळ्या चष्म्याचा एक फायदा असतो, आत डोळ्यांचं काय चाललंय ते घरातल्यांना कळत नाही. मी तसाच बसून राहिलो, आणि संध्याकाळी एकदम मला त्या बरण्या आठवल्या. मी पुण्याला निघताना माझीही बरणी मॅडमच्याच घरी ठेवून आलो होतो. आता त्यांचं घर बंद, आणि दोन्ही बरण्या आत. त्या बरण्यांसाठी एवढा जीव का खालीवर व्हावा, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

विमल इंगोले शिरपूर जैनला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या तेव्हा मी मराठीचा मास्तर म्हणून बऱ्यापैकी मुरलो होतो. उंच, काटक बाई, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी आणि बाराही महिने हातात काळी छत्री. आजोबांच्या काळात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर, वडील वाशीमला कचेरीत शिपाई, आणि घरातून कॉलेजात गेलेल्या या पहिल्याच. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं टिनाचं पार्टिशन होतं. इकडे मी कवितेतली करुणा समजावून सांगायचो आणि तिकडून पेशीभित्तिका, केंद्रक, रिक्तिका असे शब्द खणखणीत आवाजात येऊन माझ्या करुणेवर आदळायचे. मी एकदा तक्रारही केली. त्या म्हणाल्या, "सर, तुमीबी जरा मोठ्यानं शिकवा ना." तिथून आमची ओळख सुरू झाली.

एक दिवस त्यांनी सगळा वर्ग मैदानात काढला. प्रत्येकाने म्हणे आपण एक पेशी आहोत असं समजायचं. आधी सगळे एकेकटे. ज्याचं त्याने खायचं, ज्याचं त्याने फिरायचं, आपली घाण आपणच बाहेर टाकायची. पोरं मैदानभर उधळली. मग मॅडमनी सारख्या उंचीच्या पोरींना हात धरून रांगेत उभं केलं, सगळ्या सारख्या, काम एकच, ही झाली ऊती. तीन-चार वेगवेगळ्या रांगा जवळ आणून त्यांचा गोल केला, हे जठर. असे काही गोल एकामागे एक जोडले, ही पचनसंस्था. शेवटी अख्खा वर्ग मिळून एक प्राणी झाला आणि त्याने फाटकापर्यंत चालत जायचं होतं. तो काही चालेना. पाय एकीकडे, जठर दुसरीकडे, मेंदू झालेली दोन पोरं आपसात भांडत उभी. मी खडू हातात धरून खिडकीतून बघत होतो आणि माझा वर्ग माझ्या मागे उभा राहून बघत होता. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एकटं होतो तवाच बरं होतं. जिकडं पायजे तिकडं जाता येत होतं." मॅडम म्हणाल्या, "बरं होतं ना? आन तवा मरनबी नोतं."

मग त्यांनी सांगितलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. अमिबा उपाशी मरेल, वाळून मरेल, पण म्हातारा होऊन मेला आणि त्याचं प्रेत पडलं असं कोणी पाहिलेलं नाही. तो मधून दुभागतो. एकाचे दोन होतात. मग पहिला कुठे गेला? कुठेच नाही, तो दोघांतही आहे. पेशी जोवर सगळी कामं स्वतः करत होती तोवर तिला ही सोय होती. पुढे पेशी एकत्र आल्या, त्यांनी कामं वाटून घेतली, कोणी डोळा झाली, कोणी कातडी झाली, कोणी हाड झाली. त्यामुळे हत्ती झाला, वड झाला, आपण झालो. पण ज्यांनी डोळा व्हायचं कबूल केलं त्यांना पुन्हा एकटं जगता येईना, आणि शरीर आलं तसं शरीराचं संपणंही आलं. मी तोवर वर्गात मरणावरच्या कितीतरी कविता शिकवल्या होत्या आणि पोरं जांभया देत बसायची. त्या दिवशी कोणी जांभई दिली नाही.

मॅडमनी आमच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. गल्लीने त्यांना मॅडम म्हणून मान दिला आणि त्याच मानाने चार हात लांबही ठेवलं. दही लावायला विरजण हवं म्हणून त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. माझ्या बायकोने, मालतीने, वाटीत चमचाभर दही घालून दिलं. आमच्याकडे रीत अशी की कोणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. दाणे टाका, गुळाचा खडा टाका, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर टाका, पण रिकामं नाही. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती जवसाच्या चटणीने भरून. माझ्या आईने ती उचलून कोनाड्यात बाजूला ठेवली. का ठेवली ते तिने सांगितलं नाही आणि आम्हाला विचारावं लागलं नाही. जेवताना मालती उठली, कोनाड्यातून वाटी काढली आणि आईच्या देखत आधी माझ्या ताटात चटणी वाढली, मग स्वतःच्या. मी खाल्ली. चांगली झाली होती, लसूण जरा जास्त पडला होता. आई काही दिवस आमच्याशी तुटक बोलत होती. वाट्या मात्र त्यानंतर कधी थांबल्या नाहीत.

मॅडमच्या खिडकीत काचेची एक बरणी असे. आत पिवळट गढूळ पाणी, तळाशी गव्हाच्या काडाचे तुकडे आणि वास ओल्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा. त्या पाण्यात त्यांनी पॅरामेशियम पाळले होते. पॅरामेशियम म्हणजे चपलेच्या आकाराचा, एकाच पेशीचा जीव. अंगभर बारीक रोम असतात आणि ते वल्हवत तो फिरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी पोरांना दाखवायला म्हणून मॅडमनी तळ्याच्या पाण्यातून ते मिळवले होते, आणि दर वर्षी नव्याने कुठे शोधायचे म्हणून पुढे संपूच दिले नाहीत. काड पाण्यात उकळायचं, ते निवू द्यायचं, एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग जुन्या बरणीतलं थोडं पाणी त्यात घालायचं. काही दिवसांत नवी बरणी जिवंत होते. मालतीने एकदा हा सगळा कारभार शेजारी उभं राहून पाहिला आणि म्हणाली, "मंग हे तं इरजनच होय की." आमच्या वऱ्हाडात विरजणाला इरजन म्हणतात. मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. वर्षानुवर्षं त्या जे करत होत्या त्याला नाव त्या दिवशी मिळालं. मालतीने त्याला नियमही लावला, इरजन कधी एकाच घरात ठेवू नये, नासलं तर मागायचं कोणाला? म्हणून लोणच्याची एक निळ्या झाकणाची बरणी तिने रिकामी करून घासली आणि अर्धं इरजन आमच्या घरी आलं. ते गाळ-पाणी माझ्या खिडकीत ठेवायला माझी काही हरकत आहे का, हे मला दोघींपैकी कोणीही विचारलं नाही.

पण त्यातही एक मेख होती, ती मॅडमनी आम्हाला पुढे कधीतरी सांगितली. नुसतं एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिलं तर हे जीवही थकतात. वल्हवणं मंद होतं, दुभागणं थांबतं आणि वंश संपतो. म्हणून मधून मधून त्यांना दुसऱ्या पाण्यातलं कोणीतरी भेटावं लागतं. मग दोघं शेजारी शेजारी येतात, काही वेळ एकमेकांना लागून राहतात, आपल्या केंद्रकातलं थोडंसं एकमेकांना देतात आणि सुटून आपापल्या वाटेने निघून जातात. त्यातून तिसरं कोणी होत नाही, दोनाचे दोनच राहतात. पण त्यानंतर ते दोघं नव्याने जगू लागतात. मालतीने विचारलं, "मंग याले लगन मनावं काय?" मॅडम म्हणाल्या, "नाई वहिनी. हे नुसतं भेटनं हाये."

तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो की मॅडमसाठी तिथल्या तळ्याचं, डबक्याचं पाणी बाटलीत आणायचो. आणि भांडं रिकामं न्यायचं नाही ही रीत मॅडमनी तळ्यांनाही लावली. जाताना बाटलीत बरणीतलं थोडं न्यायचं, ते तळ्यात ओतायचं आणि मगच तळ्याचं घ्यायचं. माझं मूळ गाव इंझोरी. धाकटा भाऊ तिथे शेती बघतो. मी गेलो की आधी गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन ही देवाणघेवाण करायचो. भाऊ म्हणायचा, "दादा, तुमी तळ्याले काय पाजून राह्यले?" एकदा यात्रेच्या गर्दीत पोहरादेवीहून परतताना एसटीत उभा होतो, पिशवी खाली ठेवायला जागा नाही म्हणून हिरवट पाण्याची बाटली छातीशी धरलेली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने डोक्यावरून पदर घेतला आणि तीर्थासाठी ओंजळ पुढे केली. मी म्हणालो, "मावशी, हे पेऊ नका, डबक्याचं पानी हाये." तिने माझ्याकडे असं पाहिलं की एवढं शिकलेला माणूस आणि तीर्थ लपवतो. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या डोळे पुसत हसल्या होत्या.

मालतीला आजार झाला तो पोटातला आणि वाईट. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मॅडमनी समजावलं. शरीरातली एखादी पेशी, म्हणाल्या, विसरून जाते की ती कोणाची आहे. तिला वाटतं आपण पुन्हा एकट्याच आहोत, आणि ती एकाचे दोन, दोनाचे चार करत सुटते. तिला वैर करायचं नसतं, ती फक्त विसरलेली असते. मी त्या दिवशी मॅडमवर चिडलो. माझी बायको मरते आहे आणि तुम्ही मला आठवीचा धडा शिकवता, असं काहीतरी बोललो. त्या उठून मालतीचे पाय चेपायला गेल्या. पण पुढे, मालती गेल्यावर, मला जो कोणाचा तरी राग करावासा वाटायचा तो त्यांच्या त्या सांगण्यामुळे हळूहळू ओसरला. कोणावर काढणार?

मालती गेल्यावर मी घरात कसा वावरत होतो ते आठवलं की आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. डाळीचा डबा कोणता आणि बेसनाचा कोणता हे मला माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला पुण्याला चला, मी म्हणालो नको, आणि दोन दिवस बिस्किटांवर काढले. मॅडम आल्या, ओट्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमी यकृतातली पेशी झाले. एक काम लय चांगलं येते, बाकी काईच नाई. काढून बाहेर ठेवलं की मेली." मी विचारलं, आणि तुम्ही? "मी पयल्यापासून पॅरामेशियम." मग त्यांनी मला वरण शिकवलं, कणीक भिजवायला शिकवली आणि माझ्या पहिल्या भाकरीला त्यांनी नकाशा म्हटलं. त्या एक होत्या म्हणून मी उपाशी राहिलो नाही, एवढंच लिहून थांबलो तर ते अर्धंच होईल. त्या होत्या म्हणून माझी संध्याकाळ होती. दोघेही निवृत्त झालो होतो. रोज चहाच्या वेळी त्या यायच्या, ओसरीवरच्या दुसऱ्या खुर्चीत बसायच्या, आम्ही शाळेतल्या लोकांची यथेच्छ निंदा करायचो आणि दिवेलागणीला त्या छत्री उचलून आपल्या घरी जायच्या. सर आणि मॅडम, तुम्ही आणि तुम्ही, शेवटपर्यंत. गल्लीने काय म्हणायचं ते म्हटलं असेल. आमच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि ज्याला नाव नसतं ते लोकांना सांगताही येत नाही.

एकदा त्या सलग काही दिवस आल्या नाहीत. मी गेलो तर अंगात ताप, दार नुसतं लोटलेलं, उशाशी पाण्याचा तांब्या. फोन का केला नाही म्हणून मी रागावलो. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पोरायले आयुष्यभर सांगत आली, एक पेशी सारं स्वतः करते. पन थे सोपं नसते, सर. एवढुशा जाग्यात सारंच एकटीनं करा लागते." एवढंच. पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. मी कॉफी करून दिली, ती त्यांनी वाईट झाली आहे असं सांगून सगळी प्यायली.

बरणीतलं इरजन जिवंत आहे की नाही हे बघण्याची त्यांची एक पद्धत होती. घरी त्यांनी एक जुना सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून घेतला होता, पण रोज तो कोण काढणार? सकाळचं ऊन आडवं येतं तेव्हा बरणी खिडकीत ठेवायची आणि मागे काळी छत्री उघडून धरायची. काळ्यावर ऊन पडलं की पाण्याच्या वरच्या भागात पांढरे कण फिरताना दिसतात, पिठापेक्षा बारीक. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने बघायचं. छत्री नेहमी मॅडम धरायच्या आणि विचारायच्या, "दिसलं?" आधी मालतीला दिसायचं. मला कधीच दिसलं नाही. पूर्वी माझा उतावळेपणा आड यायचा आणि पुढे मोतीबिंदू. सूक्ष्मदर्शकात मला माझीच पापणी दिसायची आणि मी वा म्हटलं की त्या म्हणायच्या, "सर, पापनी पाहून राह्यले तुमी." शेवटी त्यांनी निकाल लावला, ऑपरेशन करून घ्या, मग पाहू. मी टाळत होतो. डोळ्याला हात लावू द्यायची मला भीती वाटत होती, आणि नाही दिसलं तरी माझं काही अडत नव्हतं. मालतीनंतरही, सूक्ष्मदर्शकात बघून सांगणारं माणूस होतं ना.

या हिवाळ्याच्या शेवटी अखेर मी तयार झालो. मुलाने पुण्यात सगळं ठरवलं. घराला कुलूप लागणार, बरणीला नवं काडपाणी कोण घालणार, म्हणून मी माझी निळ्या झाकणाची बरणी मॅडमकडे नेऊन त्यांच्या बरणीशेजारी ठेवली. मालतीचा नियम त्या वेळी दोघांपैकी एकालाही आठवला नाही. खरं तर मला परत यायचंच होतं आणि त्या तर कुठेच जाणार नव्हत्या. एसटीपर्यंत त्या पोचवायला आल्या. उन्हात छत्री उघडून, अर्धी माझ्यावर धरून उभ्या होत्या. बस लागली तेव्हा म्हणाल्या, "लवकर येजा. आल्यावर पयल्या सकाळी मी छत्री धरीन." मी म्हणालो, आणि तरीही नाही दिसलं तर? "दिसन," त्या म्हणाल्या. बस निघाल्यावर मी मागे वळून पाहिलं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांना फाट्यावर एक काळा ठिपका एवढंच दिसलं.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तेव्हा मॅडमच्या पुण्यानुमोदनाचा, त्यांना आदरांजली वाहण्याचा, कार्यक्रमही होऊन गेला होता. मी शिरपूरला उतरलो आणि पिशवीसकट सरळ मॅडमच्या घरी गेलो. दार उघडं होतं. पायरीवर दोन बरण्या घासून, उन्हात पालथ्या घातलेल्या. नव्या डोळ्याने मला त्या कोपऱ्यावरूनच स्वच्छ दिसल्या. निळं झाकण वेगळं वाळत होतं. आतून एक बाई पदर खोचून बाहेर आली, मॅडमच्या भावाची मुलगी, रत्नमाला. खोल्या रिकाम्या करायला ती अकोल्याहून आली होती. मी बरण्यांतल्या पाण्याचं विचारलं. "थे काका, सडलं होतं. लय वास येत होता. मोरीत फेकून देल्लं, वरून फिनाईल टाकलं." ती साधेपणाने म्हणाली. सडलेलं पाणी कोणीही फेकेल, मी तिच्या जागी असतो तर मीही फेकलं असतं. मी पायरीवर बसलो. तिने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमी आत्याचे कोन?" सगळ्या प्रवासात मी याच प्रश्नाला घाबरत होतो. "शाळेत सोबत होतो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे तुमीच सर. आत्या फोनवर सांगे, सरचं ऑपरेशन झालं, आता सरले दिसन."

भिंतीवर बुद्धाची तसबीर अजून होती, बाकी घर पोत्यांत भरलेलं. सूक्ष्मदर्शक रत्नमाला आपल्या मुलीसाठी नेणार होती, ते योग्यच झालं. निळ्या झाकणाची बरणी माझी आहे असं मी सांगितलं तेव्हा ती ओशाळली, बरणी घेऊन आत गेली आणि परत आली ती बरणी साखरेने भरून. "रिकामी कशी देऊ, काका?" तिने विचारलं. आत्याच्याच घरचं वळण. आठवण म्हणून आणखी काही हवं का, असंही तिने विचारलं. मी छत्री मागितली. तिची एक काडी मोडली आहे, चांगली वस्तू घ्या, असं ती म्हणत राहिली. घरी येऊन मी साखरेची बरणी खिडकीतल्या रिकाम्या जागी ठेवली आणि त्या दिवशी कुलूप काढल्यापासून झोपेपर्यंत मी कोणाशीही एक शब्द बोललो नाही. घर इतकं गप्प मालती गेली तेव्हाही नव्हतं, कारण तेव्हा संध्याकाळी कोणीतरी येणार होतं.

काही दिवस असेच गेले. मॅडमनी पहिल्या वर्षीपासून टिकवलेलं, कधीच न मेलेलं ते इरजन एका सकाळी फिनाईलने संपलं, हे काही माझ्या मनातून जाईना. मग एकदा चहात साखर टाकताना हात थांबला. सगळं कुठे मोरीत गेलं? इतकी वर्षं मी आणि मॅडम बाटल्या भरभरून ठिकठिकाणच्या तळ्यांत ओतत आलो. आपण कोणाचे हे ते आठवत बसलं नसेल. पण तिथे असेल. मी पहिल्या गाडीने इंझोरीला गेलो. तळ्याचं पाणी उन्हाने बरंच आटलं होतं, कडेला हिरवट साय धरली होती. बाटली काढली आणि तेव्हा लक्षात आलं की या वेळी ओतायला माझ्याकडे काही नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा रिकाम्या हाताने त्या तळ्यावर आलो होतो... नाही, अगदी रिकाम्या नाही. प्रवासात चहा फिका निघाला तर घालता यावी म्हणून खिशात साखरेची पुडी होती, त्याच बरणीतली. मी ती उघडली आणि चिमूटभर साखर पाण्यात टाकली. बांधावरून भाऊ बघत होता. "दादा, आता तळ्याले चा पाजून राह्यले काय?" मी पाठमोरा होतो ते बरं झालं.

घरी आल्यावर बरणीतली उरलेली साखर डब्यात ओतली, गव्हाचं काड उकळलं, निववलं, ठेवलं आणि मग इंझोरीचं पाणी त्यात घातलं. रोज सकाळी बघायचो तर पाणी नुसतं गढूळ. पंधरवडा तरी गेला असेल. परवा ऊन आडवं आलं होतं. छत्री धरणं आणि बघणं हे दोन माणसांचं काम, पण आता कामं वाटून घ्यायला होतं कोण? मी छत्री उघडली, तिची मूठ खिडकीच्या गजांत अडकवली, मोडक्या काडीला दोरा बांधला, आणि वाकून बरणीशी डोळा नेला. काळ्या कापडापुढे पाण्याच्या वरच्या बाजूला पांढरे कण होते. पिठापेक्षा बारीक. धूळ असेल म्हणून मी बराच वेळ बघत राहिलो. धूळ खाली बसते. हे वर जात होते, थांबत होते आणि वळत होते. ते मॅडमचे आहेत, तळ्याचे आहेत की दोघांचे, हे मला कळायचा मार्ग नाही. ज्यांना एका नजरेत कळलं असतं त्या, मला दिसू लागण्याच्या आधीच, निघून गेल्या. ओसरीवरची दुसरी खुर्ची मी अजून आत घेतलेली नाही. छत्री गजांत तशीच होती, जणू पलीकडून कोणी धरली आहे, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी मी म्हणालो, "दिसून राह्यलं, मॅडम."